प्रार्थना करूनही मागितलेले मिळाले नाही, तर देवाची कृपा कोठे शोधावी?

आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी साक्ष देण्याची पद्धत आहे. कोणाचा आजार बरा झालेला असतो, कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाला बऱ्याच वर्षांनी मूल झालेले असते. ती व्यक्ती उभी राहून देवाने आपली प्रार्थना कशी ऐकली हे सांगते आणि सर्व जण देवाचे उपकार मानतात. ही पद्धत चांगली आहे, ती चालू राहावी. पण त्याच सभागृहात एखादी स्त्री बसलेली असते, जिच्या नवऱ्यासाठी याच मंडळीने उपवास-प्रार्थना केली होती आणि जिचा नवरा तरीही गेला. तिच्याजवळ उभे राहून सांगण्यासारखे काही आहे, असे कोणाला वाटत नाही आणि हळूहळू तिलाही वाटेनासे होते.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत हा प्रश्न घरोघर पोहोचला. मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर रोज नवी नावे येत, रात्री फोनवरून एकत्र प्रार्थना होई, आणि त्यांपैकी कोणी घरी परतल्याची व कोणी गेल्याची बातमी एकाच गटावर येई. प्रार्थना करणारे तेच होते, ज्याला हाक मारली तो देवही तोच होता, मग एकाला एक उत्तर आणि दुसऱ्याला दुसरे असे का? या 'का'चे संपूर्ण उत्तर या लेखात मिळणार नाही, कारण पवित्र शास्त्रही ते देत नाही. मात्र ख्रिस्ती विश्वास याविषयी काय म्हणतो, आणि त्याच्या नावावर दुःखी माणसांना जे ऐकवले जाते त्यातले काय त्यात मुळीच नाही, हे पुष्कळ स्पष्टपणे सांगता येते.

कृपा आणि अर्ज

कृपा म्हणजे ज्यावर आपला कोणताही हक्क नाही असे देवाचे प्रेम, आणि त्या प्रेमातून मिळणारे साहाय्य. ते चांगल्या वागणुकीचे बक्षीस नसते. म्हणूनच वाईट दिवस आले याचा अर्थ ते काढून घेतले गेले असा होत नाही. कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, ही मूळ कल्पना सर्वांना मान्य आहे. कृपा कोणकोणत्या मार्गांनी मिळते यावर त्यांच्यात जे मतभेद आहेत, ते आपल्या प्रश्नापुरते बाजूला ठेवता येतील.

गोंधळ होतो तो प्रार्थनेविषयीच्या आपल्या समजुतीमुळे. नकळत आपण प्रार्थनेकडे तहसील कचेरीत दिलेल्या अर्जासारखे पाहू लागतो. अर्ज ठरलेल्या नमुन्यात असला, तिकीट लावलेले असले, सोबतची कागदपत्रे पुरी असली की मंजुरी मिळायलाच हवी. आणि अर्ज परत आला तर कोणता तरी कागद कमी पडला असणार. मग तो कमी पडलेला कागद शोधणे सुरू होते. विश्वास कमी होता का? एखादे पाप कबूल करायचे राहून गेले का? उपवास अपुरे झाले का? पण येशूने शिकवलेली प्रार्थना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी सुरू होते, आणि लेकराला बापाकडे जाताना कागद लागत नाहीत. शिवाय कचेरीने अर्ज फेटाळला की अर्जदाराचा तिच्याशी संबंध संपतो, तर बाप एखाद्या गोष्टीला नाही म्हणाला तरी लेकरू त्याच घरात, त्याच ताटावर असते. प्रार्थना अनुत्तरित राहिली असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा मागितलेली गोष्ट मिळाली नाही एवढेच आपल्याला ठाऊक असते. त्या घरातले आपले स्थान गेले, असे त्यातून निघत नाही.

'मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल' या वचनाचे काय?

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सातव्या अध्यायात येशूने हे वचन इतके थेट दिले आहे की त्याला कोपऱ्यात ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असेही त्यानेच मागायला शिकवले. म्हणजे भाकर, औषध, भाडे, परीक्षा अशा साध्या गोष्टी देवाजवळ मागणे हलक्या दर्जाचे आहे, असे कोणी म्हणू नये.

परंतु हे वचन देणाऱ्यानेच पुढे कोणती प्रार्थना केली आणि तिचे काय झाले, हे त्या वचनाशेजारी ठेवून वाचावे लागते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत होता. तो अत्यंत अस्वस्थ होता, शिष्यांना जागे राहण्याची विनंती करत होता, आणि शक्य असल्यास हा दुःखाचा प्याला आपल्यापासून टळून जावो असे तो पित्याजवळ मागत होता. मत्तयाने नोंदवल्याप्रमाणे त्याने हे तीन वेळा मागितले, आणि प्रत्येक वेळी शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. प्याला टळला नाही. दुसरा शुभवर्तमानकार लूक एवढेच सांगतो की स्वर्गातून एक देवदूत येऊन त्याला शक्ती देत होता. तरीही तो कासावीस होऊन प्रार्थना करतच राहिला. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्रातील आक्रोश उच्चारला: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?'

आता बायबलच्या नव्या करारातील, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय पाहावा. तेथे लेखक म्हणतो की येशूने मोठा आक्रोश करून व अश्रू गाळून मरणातून तारण्यास समर्थ असणाऱ्याजवळ प्रार्थना केली आणि ती ऐकण्यात आली. ऐकण्यात आली! ज्याला दुसऱ्या दिवशी खिळे ठोकले गेले, त्याची प्रार्थना ऐकली गेली असे हे पत्र निःशंकपणे म्हणते, कारण त्या लेखकाच्या नजरेसमोर शुक्रवारच्या पलीकडचा रविवार आहे. मरण चुकवून नव्हे, मरणातून उठवून पित्याने त्याला तारले. या एका वाक्यात ख्रिस्ती विश्वासाची सारी भूमिका आली आहे, असे मला वाटते. प्रार्थना ऐकली जाणे आणि मागितलेले त्याच रूपात, त्याच वेळी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आणि हे देवाने आपल्याला दुरून सांगितलेले नाही, त्याच्या पुत्राने ते स्वतः भोगले आहे.

नव्या करारातील अनेक पत्रे लिहिणारा प्रेषित पौल याचेही असेच झाले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या शरीरातील एका 'काट्या'विषयी लिहितो. तो काटा म्हणजे डोळ्यांचे दुखणे होते, दुसरा आजार होता की माणसांकडून होणारा छळ होता, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही, आणि ते एका दृष्टीने बरेच आहे. ज्याला त्याला आपापला काटा तेथे ठेवता येतो. तो दूर व्हावा म्हणून पौलाने तीन वेळा विनंती केली. उत्तर आले ते असे: 'माझी कृपा तुला पुरे आहे.' काटा निघाला, असे पौल कोठेही लिहीत नाही. येथे कृपा ही काटा निघाल्यावर मिळणारी गोष्ट नाही. काटा असताना, त्या दुखण्यासह चालता यावे म्हणून दिलेली ती गोष्ट आहे.

विश्वास कमी पडला म्हणून असे झाले का?

दुःखी माणसाला सर्वांत जास्त जखमी करणारे वाक्य हेच आहे. विश्वास पुरेसा असेल तर आरोग्य आणि पैसा मिळालाच पाहिजे, या शिकवणीला समृद्धीचा संदेश म्हणतात. मोठ्या सभांमधून आणि यूट्यूबवरील चित्रफितींतून ती आपल्या गावांपर्यंत आली आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे, कारण येशू अनेकदा 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' असे म्हणतो. पण तिने अर्धेच शास्त्र उचलले आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय या शिकवणीपुढे ठेवावा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार मारले आणि मग पेत्राला तुरुंगात टाकले. मंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती, आणि पेत्र सुटला. याकोबासाठी त्याच मंडळीने काहीच मागितले नसेल, असे मानणे कठीण आहे. दोघेही येशूच्या अगदी निकटचे शिष्य होते. एक सुटला, एक गेला, आणि त्याचे कारण शास्त्र देत नाही. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. पेत्र सुटून आला, ज्या घरी प्रार्थना चालली होती त्याचेच दार त्याने ठोठावले, आणि दारात पेत्र आहे असे सांगणाऱ्या मुलीला आतले लोक 'तू वेडी आहेस' म्हणाले. ज्यांची प्रार्थना इतक्या अद्भुत रीतीने ऐकली गेली, त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. विश्वासाच्या मापाप्रमाणे उत्तर मोजून मिळते, असे म्हणणाऱ्याने या दाराशी थोडे थांबावे.

पौलाच्या हातून अनेक जण बरे झाले. तरीही आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात मागे ठेवून यावे लागले असे तो आपला तरुण सहकारी तीमथ्य याला कळवतो, आणि तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तो त्याला थोडा द्राक्षारस घेत जा असा साधा सल्ला देतो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असा शब्द पौलाने काढलेला नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर विश्वासाने तलवारीच्या धारेपासून बचावलेले आणि विश्वास असूनही तलवारीने वधलेले एकाच यादीत, शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांच्याही विश्वासाची साक्ष सारखीच दिली आहे.

हे पापाचे फळ तर नव्हे?

याचे उत्तर येशूने स्वतः दिले आहे, म्हणून येथे फार थांबण्याची गरज नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की याने पाप केले की याच्या आईबापांनी, तेव्हा त्याने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, त्यांच्याविषयी ती इतरांहून अधिक दोषी होती असे समजू नका, हेही त्यानेच सांगितले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला अपघात झाला तर कारण आणि परिणाम उघड असतात. पण बाळाला जन्मतः हृदयविकार आहे म्हणून आईच्या भूतकाळात पाप शोधणाऱ्याच्या पाठीशी शास्त्र नाही.

रमाबाईंच्या आयुष्यातून

हे सर्व पहिल्या शतकातले झाले. आपल्या जवळचे उदाहरण पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे पाहावे. महाराष्ट्र त्यांना विदुषी आणि स्त्रियांसाठी झटणारी सुधारक म्हणून ओळखतो. पण प्रार्थनेच्या बाजूने त्यांचे आयुष्य वाचू लागलो की न मिळालेल्या गोष्टींची रांगच डोळ्यांसमोर येते. त्यांचा जन्म १८५८ चा. पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचे धाडस करणारे त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण ही तिघेही १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या दिवसांत एकामागून एक गेली. देवाला हाक मारूनही माणसे का मरतात, हा प्रश्न त्यांना ख्रिस्ती होण्याच्या पुष्कळ आधी, भुकेल्या पोटी पडलेला होता. ज्याच्यासोबत त्या देशभर पायी हिंडल्या तो भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या उद्देशाने. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. येथून पुढे सारे सुरळीत झाले असते तर ही एक सोपी साक्ष झाली असती. पण तसे झाले नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यात आलेल्या शारदासदन या त्यांच्या विधवा व मुलींसाठीच्या शाळेवर १८९३ मध्ये वादळ उठले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पुढे जिच्या हाती केडगावचे मुक्ती मिशन, म्हणजे रमाबाईंनी निराधार स्त्रिया व मुलींसाठी उभारलेली संस्था, सोपवायची, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, आईच्या आधी गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. या अखेरच्या काळापर्यंत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे त्यांचे काम चालू होते.

वैद्यकीय शिक्षण हुकले म्हणून तर मुक्ती मिशन उभे राहिले, असा हिशेब मांडण्याचा मोह येथे होतो. मी तो मांडणार नाही. दुष्काळात गेलेल्या आईची आणि चाळिशीत गेलेल्या लेकीची भरपाई कोणत्याही संस्थेने होत नसते, आणि एका मरणाचा उपयोग दाखवून ते मरण योग्य ठरवणे हे ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे म्हटले आहे, ते सर्व गोष्टी मुळात चांगल्या असतात असे म्हणत नाही; पौलासाठी मरण हा अखेरपर्यंत शत्रूच आहे. मात्र एक गोष्ट पाहता येते. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या; १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातही मुक्ती मिशनने मुलींना आसरा दिला. भूक माणसाचे काय करते हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्यांची स्वतःची जखम भरून आली की नाही, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही. तिच्यासह त्या उठल्या आणि निघाल्या, एवढे दिसते, आणि पौलाच्या काट्याजवळ ज्या कृपेविषयी आपण वाचले ती मला येथे दिसते.

ही सोयीस्कर पळवाट नाही का?

विचारी माणसाचा आक्षेप असा असतो: मिळाले तर देवाने ऐकले, न मिळाले तर देवाची इच्छा, असा विश्वास कधी खोटा ठरूच शकत नाही, मग त्याला अर्थ काय? आक्षेप रास्त आहे आणि काही विश्वासी माणसांच्या बोलण्याला तो अगदी बरोबर लागूही पडतो.

पण ख्रिस्ती विश्वास किती प्रार्थना मान्य झाल्या आणि किती नाही या गणितावर उभा नाही. तसा तो असता तर याकोबाच्या वधाच्या दिवशीच संपला असता. तो उभा आहे तो येशू मेला आणि पुन्हा उठला या दाव्यावर, आणि हा दावा खोटा ठरू शकतो हे पौलाने स्वतः करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मान्य केले आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, असे तो स्पष्ट लिहितो. म्हणजे देव कसा आहे हे आपण आपल्या एकेका संकटावरून ठरवत नाही, वधस्तंभावरून आणि रिकाम्या कबरेवरून ठरवतो, आणि मग संकटाचे कारण न कळताही त्या देवाचा हात धरून राहतो. ज्याला हा दावा पटत नाही त्याला पुढचे सारे पटणार नाही, आणि त्याच्याशी प्रामाणिक बोलणे या मुद्द्यावर व्हायला हवे. पण 'देवाची योजना' हे दोन शब्द प्रत्येक कबरेवर ठेवत जाणे हा त्या बोलण्याला पर्याय नाही.

मग मागायचेच कशाला?

कारण येशूने मागायला सांगितले, त्याने स्वतः मागितले, आणि मागितलेले अनेकदा मिळतेही. 'देवाला जे करायचे तेच तो करणार' म्हणून गप्प बसणे ही श्रद्धा वाटते खरी, पण तिच्यात पित्याशी बोलणेच थांबते. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते, आणि येशू तिचेच उदाहरण देतो.

काही वेळा नकाराचा अर्थ उशिराने उलगडतो. चौथ्या शतकातील मोनिका या आफ्रिकन आईची गोष्ट त्यासाठी प्रसिद्ध आहे. मुलगा ऑगस्टीन समुद्रापार इटलीला जाऊ नये म्हणून ती प्रार्थना करत होती. तो तिला न सांगता रात्रीच्या जहाजाने निघून गेला. त्याच प्रवासात पुढे मिलानमध्ये त्याची बिशप अँब्रोज यांच्याशी गाठ पडली, आणि ३८७ मध्ये त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिकेची त्या रात्रीची विनंती फेटाळली गेली आणि आयुष्यभराची विनंती मान्य झाली, असे ऑगस्टीननेच पुढे लिहून ठेवले. ही गोष्ट मोलाची आहे, पण ती सर्वांना ऐकवू नये. अनेकांच्या आयुष्यात असा उलगडा या जगात होतच नाही, आणि तो न होणे हाही विश्वासाचा दोष नाही.

औषधोपचाराविषयी एकच सांगायचे आहे. प्रार्थना करायची म्हणून गोळ्या बंद करा, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. पौलाच्या सोबत प्रवास करणारा लूक वैद्य होता. मिरजेला मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले, ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. डॉक्टरच्या हातून आलेले आरोग्य ही देवाची दुय्यम प्रतीची देणगी नाही.

सोसत राहणे म्हणजे कृपा का?

या प्रश्नावर मंडळ्यांनी अधिक स्पष्ट बोलायला हवे. नवरा मारहाण करतो म्हणून आलेल्या स्त्रीला 'हा तुझा वधस्तंभ आहे, तो उचल' असे सांगितले जाते. हे शास्त्राचा आधार घेऊन केलेले क्रौर्य आहे. शुभवर्तमानात वधस्तंभ उचलणे म्हणजे येशूच्या मागे जाण्याची किंमत मोजणे; दारुड्याचा मार खाणे नव्हे. मिसरातील (इजिप्तमधील) इस्राएली गुलामांचा आक्रोश देवाने ऐकला तेव्हा त्याने त्यांना सहनशीलतेचा उपदेश केला नाही, मोशेला तेथील राजा फारो याच्याकडे पाठवले. जे दुःख माणसाने केलेल्या अन्यायातून येते, जातीचा अपमान असो, सावकारी असो की घरातला छळ, तेथे तक्रार नोंदवणे, आसरा शोधणे, वकील गाठणे याही गोष्टी प्रार्थनेच्या विरुद्ध नाहीत. जे टाळता येत नाही ते सोसण्याचे बळ आणि जे मोडायला हवे ते मोडण्याचे बळ एकाच देवाकडून येते.

रडून, भांडून केलेली प्रार्थना

आपल्या उपासनेत स्तुतीला मोठी जागा असते आणि विलापाला फारच थोडी. विलाप म्हणजे देवासमोर देवाविरुद्धच केलेली तक्रार. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 'हे परमेश्वरा, तू कोठवर मला विसरणार?' असे तेरावे स्तोत्र विचारते. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. मला हे स्तोत्र अतिशय मोलाचे वाटते, कारण ज्या दिवशी स्तुतीचा एक शब्दही तोंडातून निघत नाही त्या दिवसासाठीही पवित्र शास्त्रात एक प्रार्थना लिहून ठेवलेली आहे, आणि ती लिहिणाऱ्याला कोणी नास्तिक ठरवलेले नाही. 'माझे ऐकत का नाहीस?' असे देवाला विचारणारा माणूस अजून देवाशीच बोलत असतो.

अशा दिवसांत कृपा पाहायची असेल तर ती फार मोठ्या आकारात शोधू नये. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळे तो एका दिवसापुरता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेला नासून जाई. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला पुढच्या वर्षाचे बळ आज मिळत नाही, आजचे आज मिळते, आणि तेही कित्येकदा संध्याकाळी मागे वळून पाहिल्यावरच कळते. दुसरी गोष्ट म्हणजे ही कृपा बहुधा माणसाच्या रूपाने दारात येते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की तो बाहेर भांडणांनी आणि आत भीतीने घेरला गेला होता, तेव्हा देवाने त्याचे सांत्वन केले ते तीताच्या येण्याने. दर्शन नव्हे, आकाशवाणी नव्हे. एक मित्र प्रवास करून भेटायला आला. प्रभुभोजनाच्या भाकरीत, रुग्णाजवळ येऊन पाळकांनी किंवा फादरनी केलेल्या प्रार्थनेत, रात्रपाळीच्या परिचारिकेच्या सौम्य बोलण्यातही ती येते. आणि जे या आयुष्यात भरून निघत नाही त्याच्यासाठी ख्रिस्ती माणूस पुनरुत्थानाची वाट पाहतो. डोळ्यांचे सर्व अश्रू देव स्वतः पुसेल, हे प्रकटीकरणातील वचन म्हणजे अश्रू खरे होते याची कबुलीही आहे.

शेजारच्या घरी असे घडले तर

मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाची गोष्ट बायबलमध्ये आहे. त्याचे तिघे मित्र आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तेथपर्यंत ते उत्तम मित्र होते. त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली आणि सारे बिघडले. शेवटी देवाने त्यांच्यावरच राग व्यक्त केला आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवले. म्हणून दफनविधीच्या दिवशी 'देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात', 'यातही त्याचा काही हेतू असेल' असे बोलू नये. जेवणाचा डबा न्यावा, बँकेचे आणि मृत्यूच्या दाखल्याचे काम अंगावर घ्यावे, आणि गर्दी ओसरल्यावरच्या महिन्यांत पुन्हा जावे. गेलेल्याचे नाव घेऊन बोलावे. ते ऐकायला घरातली माणसे आसुसलेली असतात.

कधी असा माणूस उपासनेला येणे बंद करतो. त्याला बोलावण्याआधी मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणूस आठवावा. चौघांनी त्याला बाजेवर घालून आणले, गर्दीमुळे वाट मिळेना तेव्हा छप्पर उसकटले आणि त्याला येशूसमोर खाली सोडले. मार्क लिहितो की येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाविषयी तेथे एक शब्दही नाही. तेव्हा ज्याला सध्या प्रार्थना जमत नाही, त्याला 'तू प्रार्थना कर' असे सांगण्याची घाई करू नये. त्याला जमेपर्यंत, कितीही महिने लागोत, त्याच्या नावाने ती आपण करत राहावी, आणि आपण ती करत आहोत हे एकदा त्याला सांगून ठेवावे.